नावात तफावत

शरणपूर रोडच्या शाखेत पेन दोऱ्याला बांधलेलं असतं
आणि दोरा नेहमी एका रकान्यापुरता कमी पडतो.
वाकून लिहिलं.
खाते क्रमांक, चौदा आकडे,
दिगूच्या अक्षरावरून उतरवून घेतले.

दिगू म्हणजे माझा धाकटा भाऊ.
नोट प्रेसमध्ये एकतीस वर्षं.
छापून आलेल्या तावांत खोट शोधायची, एवढंच काम.
भोंगा झाला की गेटवर झडती,
खिसे उलटे, डब्याचं झाकण उघडं.
नाशिकरोडहून पंचवटीला घरी आला की
आधी हात धुवायचा, मग बोलायचा.
काही संध्याकाळी यायचाच नाही.
तिच्याकडे असेल, आई म्हणायची,
आणि लाटण्यावर जरा जास्त जोर द्यायची.

नाव आमच्या घरात कुणी घेतलं नाही.
तीन सर्वनामांवर बावीस वर्षं काढली:
ती, तिला, तिकडे.
(तिसरं सर्वनाम नाही, ठाऊक आहे मला.
शाळेत मराठीच शिकवायचे.)

तो गेल्यावर फंडाचे पैसे आले ते माझ्या नावावर.
एकोणनव्वद साली भरलेला फॉर्म, नातं: बहीण.
बदलायचं राहून गेलं, की मुद्दाम
माझ्यावर सोडून गेला, कोण जाणे.
बिस्किटांच्या डब्यात मात्र पावत्या सापडल्या,
दर महिन्याच्या, रबर लावून,
पाठीमागे पेन्सिलीनं लिहिलेलं:
गॅस. चष्मा. पंप जळाला.
नाताळ. परत नाताळ.
एकीवर नुसतं, या वेळी कमी, पुढच्या वेळी बघू.

रक्कम अक्षरी लिहिली. शेवटी 'फक्त' लिहायचं असतं,
म्हणजे पुढे कुणाला काही वाढवता येत नाही.
मग नाव.
पावत्यांवर भालेराव होतं. मला दिसत होतं.
तरी मी लिहिलं, एस्तेर दिगंबर कुलथे,
फळ्यावर सुविचार लिहावा तसं, वळणदार.
डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा,
चेकच्या मागे माझा मोबाईल नंबर,
आणि टाकला पेटीत.
परतताना रिक्षावाल्याशी पाच रुपयांवरून भांडले नाही,
इतकी मी खूश होते स्वतःवर.

सहाव्या दिवशी फोन.
मी एस्तेर भालेराव बोलते.
(आवाज बारीक, घसा बसल्यासारखा.
मी उगाच जाड आवाज धरून चालले होते.)
तुमचा चेक परत आला माझ्याकडे, पोस्टानं.
नावात तफावत, असं लिहिलंय.
मी म्हटलं, चुकलं माझं.
ती म्हणाली, हो, चुकलंच.
मग बराच वेळ दोन्हीकडे पंखे ऐकू येत राहिले.
दुसरा द्याल तेव्हा भालेराव लिहा, म्हणाली.
हा तसाही आता वटायचा नाही,
मी ठेवून घेते, चालेल?
आणि लगेच, मला बोलायची सवड न देता,
बँकेनं एकशे अठरा रुपये कापले हो माझे.

दुसरा चेक एकशे अठरा रुपयांनी मोठा लिहिला.
नाव तिचं, तिच्या वडिलांचं, पासबुकातलं.
या वेळी पेटीत टाकला नाही,
खिडकीशी रांगेत उभी राहिले.
आतला मुलगा नवीन होता,
स्लिपवरच्या दोन आडनावांकडे बघत म्हणाला,
खातेदार तुमच्या कोण?
लिहावं लागतं का, मी विचारलं.
नाही मॅडम, रकाना नाहीये. सहज विचारलं.
मग सहजच सांगते, मी म्हटलं,
पण तोवर त्यानं शिक्का मारून
अर्धी स्लिप फाडून माझ्या हातात दिली होती
आणि माझ्या मागचा माणूस
खिडकीत कोपर टेकत होता.